चारकोपच्या नोंदी

कांदिवली पश्चिमेला गोराई खाडीच्या बाजूने पसरलेला चारकोप म्हणजे एक जुने गावठाण आणि त्याच्याभोवती म्हाडाने आखलेली सेक्टरांची वसाहत. ही वसाहत आपसूक वाढलेली नाही. जागतिक बँकेने 1985 साली मुंबई नागरी विकास प्रकल्पाला 13.8 कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि गोराई, मालवणीबरोबर चारकोपलाही 'साइट अँड सर्व्हिस' योजना आली. सरकारने रस्ता, पाणी, गटार यांची सोय असलेला छोटासा भूखंड द्यायचा आणि त्यावर माणसाने आपल्या ऐपतीप्रमाणे घर उभे करायचे, अशी ती कल्पना होती. साधारण 35 भूखंड एका चौकाभोवती मांडायचे आणि त्यांची मिळून एक सहकारी गृहनिर्माण संस्था करायची. आजही इथल्या पत्त्यांत प्लॉट आणि सेक्टरच्या जोडीला 'आरएससी' किंवा 'आरडीपी' ही अक्षरे लावलेला रस्त्याचा क्रमांक असतो. नगररचनेच्या अभ्यासकांनी या प्रयोगावर बरेच लिहिले आहे. मला तो दुसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. इथल्या मूळ वाटपदारांना आधी आपले आयुष्य सरकारी अर्जात उतरवावे लागले, मगच जमीन मिळाली. उत्पन्न किती, माणसे किती, शहरात दुसरे घर आहे का, महाराष्ट्रात राहायला येऊन किती वर्षे झाली, या प्रश्नांच्या उत्तरांवर चारकोप उभा आहे. आपल्या इंटरनेट धोरणात खासगीपणाची एवढी आबाळ का झाली, हे समजून घ्यायला अशी वस्ती फार उपयोगी पडते.

त्या काळची एखादी वाटपाची फाइल डोळ्यांसमोर आणा. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची नक्कल, अधिवासाचा पुरावा, प्रतिज्ञापत्र, फोटो, आणि शेवटी वाटपपत्र. ही फाइल वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात, एका कपाटात, एका कारकुनाच्या ताब्यात असे. संस्था नोंदली गेली की सहकार कायद्याप्रमाणे सभासदांची 'आय' नोंदवही आणि 'जे' यादी तयार होई आणि ती सचिवाच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत जाई. कोणाचे हप्ते थकले ते सूचना फलकावर लागे. चौकातल्या 35 घरांना ते कळे आणि पलीकडच्या सेक्टरला कळत नसे. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर भूखंड हातोहात फिरले, मूळ वाटपदार कोण आणि राहतो कोण याचा मेळ बसेना, तेव्हासुद्धा ती माहिती शोधायला माणसाला दिवसचे दिवस खेटे घालावे लागत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दलालाला याद्या मिळत होत्या, चहापाण्याचे पैसे दिले की फाइल उघडत होती. पण एका वेळी एकच फाइल उघडत होती. रेशन कार्यालयातला कागद, म्हाडातला कागद, बँकेतला कागद आणि मतदारयादीतले नाव एकत्र आणायचे तर कोणीतरी चार ठिकाणी रांगेत उभे राहायला हवे होते, आणि तेवढी चिकाटी फक्त फार मोठा स्वार्थ असलेल्याकडेच असते. कागदाच्या काळात सामान्य माणसाचे खासगीपण कायद्याने सांभाळले नाही, कागदाच्या संथपणाने सांभाळले. माझे म्हणणे एवढेच आहे की 1995 नंतर आपण हा संथपणा काढून टाकला आणि त्याच्या जागी कायदा आणायला 28 वर्षे लावली. त्या मधल्या काळात जे नियम झाले, त्यांतल्या बहुतेकांनी नोंदी वाढवल्या. नोंद झालेल्या माणसाचा विचार फार थोड्यांनी केला.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. 1998 च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली. 17 ऑक्टोबर 2000 रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला. हा कायदा व्यापारासाठी होता: डिजिटल सही ग्राह्य कशी धरायची, इलेक्ट्रॉनिक करार वैध कसा ठरवायचा, संगणकात घुसखोरी करणाऱ्याला शिक्षा काय. माणसाच्या माहितीवर माणसाचा हक्क काय, याचे उत्तर त्यात जवळपास नव्हतेच. टेलिफोनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये पीयूसीएल खटल्यात स्पष्ट सांगितले होते की फोनवरचे बोलणे हा खासगी आयुष्याचा भाग आहे आणि ते चोरून ऐकायचे तर गृहसचिवाच्या पातळीवरचा लेखी आदेश हवा, त्याचा आढावा हवा. म्हणजे धडा समोर होता. चार वर्षांनी नवा कायदा लिहिताना तो गिरवता आला असता.

उपनगरातल्या बहुतेकांचे पहिले इंटरनेट घरात आले नाही, ते नाक्यावरच्या सायबर कॅफेत भेटले; म्हणून सरकारचे धोरण माणसाला प्रत्यक्ष कुठे भिडले हे पाहायचे तर कॅफेतच पाहावे लागते. 2001 साली मुलांना कॅफेत अश्लील संकेतस्थळे सहज पाहता येतात अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयाकडे पत्राने गेली आणि न्यायालयाने समिती नेमली. जानेवारी 2002 मध्ये तिचा अहवाल आला. ओळखपत्र पाहा, अल्पवयीन मुलांना उघड्यावरच्या संगणकावर बसवा, नोंदी ठेवा, अशा त्यातल्या शिफारशी होत्या. हेतू चांगला होता आणि चिंता खरी होती. पुढे मुंबईत कॅफेचा परवाना सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी 1960 साली केलेल्या नियमांच्या चौकटीत बसवला गेला. हे तेच नियम, ज्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. पत्र लिहिण्याची, नोकरीचा अर्ज भरण्याची, आजाराची माहिती शोधण्याची जागा शासनाला करमणुकीची वाटली, यावरून तिथल्या माणसाच्या खासगी गरजेकडे पाहण्याची दृष्टी कळते. 2007 मध्ये शहरातल्या सुमारे 500 कॅफेंत कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपणारी प्रणाली बसवण्याचा पोलिसांचा विचार असल्याच्या बातम्या आल्या होत्या.

मग 11 एप्रिल 2011 रोजी केंद्राने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. ते वाचण्यासारखे आहेत. नोंदवहीत नाव, पत्ता, स्त्री की पुरुष, फोन क्रमांक, ओळखपत्राचा प्रकार आणि तपशील, तारीख, संगणकाचा क्रमांक, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ असे रकाने सांगितले. ही वही किमान एक वर्ष जपायची. कोणत्या संगणकावर कोणती संकेतस्थळे उघडली त्याची नोंदही वर्षभर ठेवायची. दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा अहवाल नेमून दिलेल्या यंत्रणेकडे पाठवायचा. दोन संगणकांमधला आडोसा जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नको. आडोसा नसेल तर पडदा मोकळ्या जागेकडे वळलेला हवा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. रकाने इतके नेमके, उंचीचे माप इतके काटेकोर. आणि त्या वहीतला फोन क्रमांक कॅफेवाल्याच्या नोकराने एखाद्या मुलीला त्रास द्यायला वापरला तर काय, ती वही वर्षानंतर रद्दीत गेली तर काय, याबद्दल त्या नियमांत जवळजवळ काही नाही. त्याच दिवशी संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियमही निघाले, पण ते कंपन्यांपुरते होते. सरकारी कार्यालय त्यांच्या बाहेर राहिले. ज्या वसाहतीची सगळी माहिती मुळात सरकारकडेच होती, तिला त्या नियमांचा उपयोग किती, हे सांगायला नको.

यावर सुरक्षेच्या नावाने जो आक्षेप घेतला जातो तो हलका नाही, आणि पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना तो समजावून सांगावा लागत नाही. 11 जुलै 2006 रोजी संध्याकाळच्या गर्दीत याच मार्गावरच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले; माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड ही नावे त्या दिवशी एका यादीत आली. 2008 च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईत एका रहिवाशाच्या संरक्षण नसलेल्या वाय-फायवरून गेला, सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांचा ईमेल चेंबूरमधून गेला. ज्यांची माणसे घरी परतली नाहीत त्यांना खासगीपणावर व्याख्यान कोणत्या तोंडाने द्यायचे? म्हणून प्रश्न नीट मांडायला हवा. तपास व्हावा की नाही, हा वाद नाही. सरसकट सगळ्यांची नोंद ठेवल्याने तपास चांगला होतो का, हा वाद आहे. जुलै 2006 मध्ये केंद्राने काही मोजकी पाने बंद करायला सांगितली आणि सेवा कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटसारखी आख्खी ठिकाणेच काही दिवस बंद करून टाकली. 2007 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या बदनामीच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण अभियंत्याला पकडले. सेवा कंपनीने पोलिसांना चुकीच्या ग्राहकाचा तपशील दिला होता. त्या मुलाने सुमारे 50 दिवस कोठडीत काढले. सुक्याबरोबर ओलेही जळते असे म्हणून असल्या प्रकरणांवर पडदा टाकता येत नाही, कारण इथे जळाले ते फक्त ओले. आयपी क्रमांक हा पुरावा म्हणून किती कच्चा आहे, तो कोणी मागितला, कोणी पडताळला, चुकल्यास जबाबदार कोण, हे प्रश्न विचारणारी यंत्रणा असती तर खरा आरोपीही लवकर सापडला असता. खासगीपणाचे नियम तपासाच्या आड येतात हा समज इथेच खोटा पडतो. ते तपासाला शिस्त लावतात.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर महिन्याभरात संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्याची मोठी दुरुस्ती फारशी चर्चा न करता मंजूर केली. तिच्यात नागरिकाच्या विरुद्ध जाणारी आणि त्याच्या बाजूची, अशी दोन्ही प्रकारची कलमे होती. ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा सांगणाऱ्या 66-अ खाली काय घडू शकते ते नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला दिसले: मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून एका तरुणीला आणि त्या पसंत केल्या म्हणून दुसरीला अटक झाली. ते कलम 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. 43-अ मात्र नागरिकाच्या बाजूचे होते. निष्काळजीपणे माहिती हाताळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागण्याचा हक्क त्याने दिला. महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने बँकांना ग्राहकांची भरपाई करायला लावणारे आदेश या कायद्याखाली दिले, ही आपल्या राज्याच्या खात्यावरची जमेची बाजू आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक आहे. दुसरी जमेची बाजू मुंबई उच्च न्यायालयाची. ऑक्टोबर 2019 मध्ये विनीत कुमार खटल्यात न्यायालयाने केंद्रीय गृहखात्याचे फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. लाचेच्या गुन्ह्याचा तपास हे कारण सार्वजनिक सुरक्षेत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायदा नेमका असेल तर त्याला धरून न्याय देता येतो, याचा हा दाखला आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो, कारण तो चारकोपसारख्या वस्तीच्या नावाने घेतला जातो. 25-30 चौरस मीटरच्या भूखंडावर, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्याला कसले आले खासगीपण? शेजाऱ्याच्या घरातली फोडणी ज्याला कळते, त्याने माहितीच्या हक्काचे चोचले करावेत का? गरिबाला आधी घर, रेशन, नोकरी द्या, असा हा युक्तिवाद. आधार योजनेच्या समर्थनात तो सर्वोच्च न्यायालयातही झाला. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला, आणि गरिबाला सरकारदरबारी ओळख मिळावी हेच त्याचे समर्थन होते. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, आणि तो सधनांपुरता आहे हे म्हणणेही फेटाळले. मी त्याला इथला पुरावा जोडतो. सधन माणूस बाजारातून घर विकत घेतो. त्याला आपले उत्पन्न कोणत्याही यादीत छापून द्यावे लागत नाही. म्हाडाच्या सोडतीतल्या माणसाला आपला उत्पन्न गट, आरक्षणाचा प्रवर्ग, विजेता की प्रतीक्षा यादीत, हे सगळे उघड करावे लागते. सरकारवर जो जितका अवलंबून, त्याची तितकी माहिती सरकारकडे. म्हणजे खासगीपणाच्या कायद्याची खरी गरज अल्प उत्पन्न गटालाच जास्त आहे. आणि शेजाऱ्याला कळणे वेगळे. शेजारी माणसाला ओळखतो, त्याच्या अडीअडचणी जाणतो, त्याला उद्या त्याच चौकात तोंड दाखवायचे असते. कर्ज वसूल करणाऱ्या ॲपला किंवा सोडतीच्या याद्या चाळून फसवे फोन करणाऱ्या टोळीला कोणालाच तोंड दाखवायचे नसते.

तरीही याद्या उघड असाव्यात, असे म्हणणारी एक तिसरी बाजू आहे आणि ती माझ्या मते सर्वांत भक्कम आहे. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, 2002 मध्ये, माहिती अधिकाराचा कायदा केला. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीच्या सभासदांची नावे उजेडात आली नसती तर 2010 मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले नसते, आणि ती उजेडात आणण्यात माहिती अधिकाराच्या अर्जांचा मोठा वाटा होता. सोडतीची यादी जाहीर होते म्हणूनच वशिलेबाजीला थोडाफार चाप बसतो. मतदारयादीचेही तसेच. चारकोप विधानसभा मतदारसंघाची, म्हणजे 161 क्रमांकाची यादी कोणालाही पाहता येते: नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय. निवडणूक आयोगाने 2018 मध्ये ही यादी यंत्राने शोधता येणार नाही अशा चित्ररूपात द्यायचे ठरवले आणि त्यासाठी मतदारांच्या खासगीपणाचे कारण दिले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती शोधता येईल अशा रूपात देण्याची सक्ती करायला नकार दिला. मला हा निर्णय इतिहासाच्या दृष्टीने बोलका वाटतो, कारण इथे राज्यसंस्थेने स्वतःच कबूल केले की संथपणा हे संरक्षण आहे, आणि तो कृत्रिमरीत्या परत आणला. पण हा संथपणा आंधळा असतो. बोगस नावे शोधणाऱ्या कार्यकर्त्याला तो अडवतो, आणि मजकूर ओळखणारी साधने असलेल्या कंपनीला फार तर थोडा वेळ थांबवतो. जुन्या कपाटाचे कुलूप इंटरनेटवर लावून भागणार नाही. काय उघड, कोणासाठी, कोणत्या कामापुरते आणि किती दिवस, हे कायद्यानेच सांगायला हवे.

असा कायदा लिहिण्याचे काम 2017 मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीकडे आले. 1992-93 च्या दंगलींच्या चौकशीमुळे मुंबईला हे नाव परिचित होते. समितीने 27 जुलै 2018 रोजी अहवाल दिला, 2019 चे विधेयक 2022 मध्ये मागे घेतले गेले आणि 11 ऑगस्ट 2023 रोजी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडले, आणि मुख्य बंधने लागू व्हायला त्यानंतर आणखी दीड वर्ष. कायद्यात चांगले बरेच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले की ती पुसायची, माहिती फुटली तर संबंधिताला कळवायचे, कसूर केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड. पण चारकोपच्या इतिहासाने जो प्रश्न विचारला, त्याला त्याने अर्धेच उत्तर दिले आहे. कलम 17 खाली केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना कायद्याबाहेर ठेवू शकते. अनुदान, दाखला, परवाना देण्यासाठी सरकार बऱ्याच वेळा नव्याने संमती न घेता माहिती वापरू शकते. आणि माहिती अधिकार कायद्याच्या 8(1)(जे) या कलमातली खासगीपण आणि जनहित तोलणारी जुनी भाषा काढून 'वैयक्तिक माहिती' एवढ्या दोन शब्दांवर माहिती नाकारण्याची सोय केली गेली. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद कलम 8(2) मध्ये शिल्लक आहे, हे खरे. पण अर्जदाराला आता उलट्या बाजूने झगडावे लागेल. नागरिक सरकारला पूर्वीइतकाच दिसतो आणि सरकार नागरिकाला पूर्वीपेक्षा कमी दिसते. खासगीपणाच्या नावाने झालेला हा सौदा मला मान्य नाही, आणि तो दुरुस्त करायला संसदेला एका छोट्या दुरुस्तीपलीकडे काही लागत नाही.

तोवर आपल्या हातातले काम आपण करू शकतो. चारकोपच्या सोसायट्यांत 'आय' नोंदवही आता संगणकावर गेली आहे, थकबाकीदारांची यादी फलकावरून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात गेली आहे, फाटकावरच्या वॉचमनच्या वहीची जागा बऱ्याच ठिकाणी ॲपने घेतली आहे. हाती लिहिलेल्या वहीला नवा कायदा लागू नाही; तीच माहिती संगणकावर चढली की लागू होतो. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते. यंदाच्या विषयपत्रिकेवर एक विषय घालायला सचिवांना लेखी सांगा: आपली सोसायटी कोणाची कोणती माहिती ठेवते, ती कोण पाहू शकतो, आणि ती कधी पुसली जाते. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.